कॅटलॉगात नसलेला मरून

पुण्याहून आलेल्या माणसानं टेबलावर कॅटलॉग उघडला
आणि म्हणाला, निवडा.
बारा छात्या, बारा पाठी,
एकीवर खांद्यापासून बगलेपर्यंत वीज पडलेली.
आमचा मरून त्यात नव्हता.
'वाइन' होता.
बिराजदार सरांनी चष्मा काढून पुसला,
'कॉलेजच्या अंगावर वाइन?'
मग दर ऐकला आणि चष्मा परत लावला.
फुकट होतं. तीन वर्षं. बूटसुद्धा.

आमचा मरून म्हणजे
चादरीच्या कारखान्यात पिंपाच्या तळाला उरलेला रंग.
दर साली थोडा वेगळा,
एकदा बिटाकडचा, एकदा शेंगाचटणीकडे झुकलेला.
संघाचा फोटो बघून साल सांगता यायचं.

शिवायचे नरसय्या गड्डम, अशोक चौकाच्या मागं.
गळ्यात टेप, कानावर खडू.
'थ्रो कोण टाकतंय?
हात वर कर. अजून वर. लांब टाकायचंय की ओ.'
म्हणून अकरातल्या एकट्या माझ्या शर्टाला
बगलेत चौबगला.
आकडे फेल्टचे, हातानं टाचलेले.
माझ्या १८ मधला १ धुण्यात गेला
आणि अख्खा हंगाम आमच्यात दोन ८ खेळले.
पिवळं कार्ड मात्र दर वेळी मुदस्सरला.

नवे शर्ट कुरियरनं आले.
हलके. खोटं कशाला बोलू,
घातला तर काही घातलंय असं वाटेना,
आरशात मी टीव्हीतला दिसलो.
मुदस्सर दोन दिवस तोच घालून झोपला.
छातीवर पंख, बाहीवर पंख,
चड्डीवर, मोज्यावर,
पाण्याच्या बाटलीवरसुद्धा कंपनीचा पंख.
कॉलेजचं नाव पाठीवर, मानेखाली,
गोळ्यांच्या पाकिटावर तारीख असते तेवढं.

बार्शीच्या संघाकडेही तोच माणूस गेलेला.
तेच पान. त्यांचा निळा, आमचा वाइन,
वीज तीच, पडलेली त्याच खांद्यावर.
पार्क मैदानावर ऊन उतरलं तसे
दोन्ही रंग काळे व्हायला लागले
आणि मी थ्रो सरळ त्यांच्या नऊ नंबरच्या पायात टाकला.
टाकताना शर्ट बेंबीच्या वर गेला.
पोरं हसली ती गोलच्या आधी की नंतर,
आता आठवत नाही.

चार वर्षांनी एमआयडीसीत काम होतं.
एका पत्र्याच्या शेडमधून ओळखीचा खोकला आला.
सहा मशिनी, दोन बाया, नरसय्या,
आणि फरशीवर कमरेइतका पंखांचा ढीग.
'दोनशे डझन. कापड सुरतेचं, पंख तिरुपूरचे,
शिवायला सोलापूर.'
पीसला अकरा रुपये.
हाताला लागला तो शर्ट उचलला,
बगल उलटी करून बघितली.
चौबगला नाही टाकला?
'ड्रॉइंगमध्ये नाही.'
पण तुम्हाला तर माहितीय.
'मला माहितीय. मशिनलाबी माहितीय.
ड्रॉइंगला माहिती नाही.'

मग उठले, टेप काढला.
'हात वर कर.'
कशाला अन्ना, आता कुठं खेळतोय.
'कर की बे.'
अजून वर. अजून.
भिंतीवर खडूनं आकडा लिहिला,
जाड झालास म्हणाले,
आणि मशिनीचं तेल टिपायला एक चिंधी उचलली.
मरून होती.
कुठल्या सालातली ते बघायला मी वाकलो,
बिटाकडची की चटणीकडची,
तेलामुळं कळेना.